दुखायच्या आधीची गोळी

"दुखत नाही न्हवं तुला? मग गोळी कशाला घेऊलालीस?"

सासूबाईंनी लेकीला एवढंच विचारलं, माझ्या तळहातावरची गोळी उचलली आणि परत स्टीलच्या डबीत टाकून झाकण लावलं. राग नव्हता त्यात, काटकसर होती. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत पावसाची झड लागली होती आणि मागल्या बाजूच्या मागांचा खटखटाट त्या झडीतूनही ऐकू येत होता. छाती लहान करण्याचं ऑपरेशन करून दवाखान्यातून नुकतीच घरी आलेली नणंद उशांच्या उतरंडीला टेकून अर्धवट बसली होती. आत पुढून हुक असलेली ती जाड पट्ट्यांची ब्रा, वरून नवऱ्याचा ढगळा शर्ट. तिनंही आईचीच री ओढली. "राहू दे वैनी, आत्ता काही होत नाही. दुखलं की मागते मी."

दुखलं की मागते.

हिनं आजवर कधी काही मागितलेलं नव्हतं, म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. नववीत असताना हिनं खो-खो सोडला. तालुक्याला खेळलेली पोरगी, पळताना भल्याभल्यांना चकवणारी, एक दिवस "अभ्यास आहे" म्हणाली आणि मैदानाकडे पुन्हा फिरकली नाही. खरं कारण घरात कुणालाच माहीत नव्हतं. धावताना छाती हलायची, ती ओढ मानेपर्यंत जायची, आणि मैदानाच्या कठड्यावर बसलेली पोरं हसायची. पुढे लग्न झालं, निपाणीच्या शाळेत नोकरी लागली. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना हात भरून यायचा, बोटांना मुंग्या यायच्या. हाडांचे डॉक्टर झाले, मानेचा पट्टा झाला, शेक झाला, तेल झालं. एकानं कागदावरून नजरही न उचलता "वजन कमी करा" म्हणून सांगितलं. म्हणून ही पहाटे दोन ओढण्या घेऊन फिरायला जायची. पोट उतरलं, बाकीचं होतं तसंच राहिलं.

तिच्या खांद्यांवरच्या खाचा मी पहिल्यांदा पाहिल्या त्या एका लग्नात, तिच्या पदराला पिन लावताना. ब्राच्या पट्ट्यांनी पडलेल्या त्या खाचांमध्ये माझं बोट आडवं बसलं असतं. कडा काळपट, मधली कातडी चकचकीत. मी काही बोलले नाही, पिन लावली. पावसाळ्यात छातीखालची कातडी घामानं ओली राहून सोलायची, तिथं ती सुती रुमालाची घडी ठेवायची. हेही मला दवाखान्यातच कळलं, तिनं डॉक्टरांना सांगितलं तेव्हा. एका घरात उठबस असलेल्या बायकांना एकमेकींच्या शरीराची एवढीच माहिती असते, आणि तीही तिसऱ्याच माणसाच्या तोंडून.

ऑपरेशन ठरलं तसं 'लोकांना काय सांगायचं' यावर घरात ऑपरेशनपेक्षा जास्त चर्चा झाली. छातीचं ऑपरेशन म्हटलं की निम्म्यांना हार्ट वाटतं, उरलेल्यांना कॅन्सर. शेवटी 'गाठ काढायची आहे' यावर एकमत झालं. विमा कंपनीनं 'सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया' असा शेरा मारून कधीच हात वर केले होते. एवढ्या वर्षांची मान, खांदे आणि सोललेली कातडी सौंदर्याच्या खात्यात कशी जमा झाली, हे त्या शेऱ्यात नव्हतं. नणदेनं बाजूला टाकलेल्या सोन्याच्या पाटल्या मोडल्या. तिच्या नवऱ्याचं मात्र कौतुक करायला हवं. तो फक्त म्हणाला, "तुला त्रास होतोय न्हवं, मग कर की."

आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या. हुबळीकडच्या असाव्यात, मराठीला कानडी हेल. मला वाटलं होतं, येतील, नाडी बघतील, सही घेऊन जातील. त्या खुर्ची ओढून बसल्या. दमा आहे का, पित्ताचा त्रास, किडनीचं काही, प्रवासात गाडी लागते का, आधी कुठल्या भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का, घरी रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत. मग विचारलं, "भीती कशाची वाटते?" नणंद म्हणाली, "दुखण्याची." त्यावर त्या हसल्या नाहीत की 'काही होत नाही' म्हणाल्या नाहीत. ज्यांना आधीपासून जुनं दुखणं आहे आणि ज्यांच्या मनात धास्ती आहे, त्यांना नंतर जास्त दुखण्याचा संभव असतो, म्हणून विचारते, असं त्यांनी सरळ सांगितलं. पुढचं वाक्य मला अजून त्यांच्या हेलासकट आठवतं. "दुखणं आल्यावर पळवायचं नाही रीऽ, येतानाच अडवायचं."

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं. चिरा देताना माणूस झोपेत असतो, पण नसा जाग्याच असतात. त्यांच्या सांगाव्यांचा मारा सुरू झाला की मणक्यातली आणि मेंदूतली यंत्रणा हळवी होत जाते, इतकी की पुढं साधा स्पर्शही टोचतो. या ऑपरेशनात चिरा काही लहान नसतात. अनेकदा स्तनाग्राभोवती एक, तिथून खाली एक आणि छातीखालच्या घडीत आडवा एक, असा जहाजाच्या नांगराच्या आकाराचा छेद घेतात. म्हणून एकाच जालीम औषधावर भिस्त न ठेवता तीन-चार ठिकाणी बांध घालायचे. आधीच पॅरासिटामॉल. भुलीत असताना, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, छातीच्या स्नायूंच्या थरांमध्ये बधिरतेचं औषध. टाक्यांच्या कडेला पुन्हा तेच. उलटी होऊ नये म्हणून इंजेक्शन, कारण ताज्या टाक्यांवर उबळ येणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. नंतर घड्याळाप्रमाणे गोळ्या, पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी. अफूच्या कुळातलं कडक औषध हाताशी ठेवायचं, पण अगदीच लागलं तर. त्यानं गरगरतं, मळमळतं, पोट बांधून जातं. वेगवेगळ्या जागी काम करणारी औषधं एकत्र दिली की प्रत्येकाचं माप कमी लागतं, हे त्यातलं मर्म.

त्या थरांमधल्या इंजेक्शनाला पेक्स ब्लॉक म्हणतात. राफाएल ब्लांको नावाच्या भूलतज्ज्ञानं २०११ मध्ये तो मांडला. म्हणजे माझ्या सिझेरियनच्या वेळी या सुईचा पत्ताच नव्हता. स्तनांची ऑपरेशनं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहेत. जपानमध्ये हानाओका सेइशू नावाच्या वैद्यानं १८०४ साली साठीच्या एका बाईच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, तीही तिला औषधानं पूर्ण झोपवून. बॉस्टनला १६ ऑक्टोबर १८४६ रोजी भुलीसाठी ईथरचा जाहीर प्रयोग झाला, त्याच्या बेचाळीस वर्षं आधी. हानाओकाच्या काढ्यात मुख्य होता धोतरा, सोबत बचनाग. महाशिवरात्रीला कपिलेश्वराच्या देवळाबाहेर टोपल्यांतून आपण जे काटेरी फळ महादेवासाठी विकत घेतो, त्याचाच भाऊबंद. ते औषध ठरवताना त्यानं आपल्या आईवर आणि बायकोवर प्रयोग केले, त्यात बायकोची दृष्टी गेली, असं सांगतात. दोघी आपणहून पुढं आल्या, असंही सांगतात. हे 'आपणहून' मला नेहमीच जरा संशयास्पद वाटत आलंय.

दवाखान्यातली पहिली रात्र बरी गेली. शुद्धीवर आल्यावर नणंद पहिल्यांदा काय म्हणाली? "वैनी, खांदे कुठं गेले?" पाठीवरचं ओझं उतरल्याचं तिला टाक्यांच्या आधी जाणवलं होतं. सिस्टर दर थोड्या वेळानं यायची, "नोव ऐतेन्री अक्का?" म्हणजे दुखतंय का, असं कानडीत विचारायची, शून्य ते दहात किती ते लिहून घ्यायची, आणि आकडा लहान असला तरी वेळ झाली की सलाईनमधून औषध सोडायचीच. छातीचा भाग बधिर होता. पण ती बधिरता तासांच्या हिशेबाची असते, फार तर दिवसभराची. ती उतरते तेव्हा खाली काहीतरी पसरलेलं असायला हवं, नाहीतर माणूस थेट दगडावर पडतो. "घरी गेल्यावर सगळे गोळ्या बंद करतात बघा, कारण दुखत नसतं," असं डॉक्टर बाईंनी निघताना बजावलं होतं. तरी घरी आल्या संध्याकाळीच गोळी डबीत परत गेली होती.

सासूबाईंना मी दोष देत नाही. उचगावच्या बाजूच्या शेतकऱ्याची लेक, पाच बाळंतपणं घरातच, शेवटच्या वेळी तर सकाळी भाताची रोपं लावून आलेल्या. दुखणं सोसणं ही त्यांच्या जन्माची कमाई. ती सांगताना त्यांचा आवाज चढतो, आणि का चढू नये? निपाणीकडच्या त्यांच्या बहिणी सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळत आल्या, कंबर धरली म्हणून हजार विड्यांचा हिशेब कुणी कमी करून घेतला नाही. त्यात गोळ्यांची धास्तीही खोटी नाही. आमच्या गल्लीत एका काकांनी गुडघ्यासाठी दुकानातून मनानंच गोळ्या आणून वर्षानुवर्षं खाल्ल्या आणि किडन्या घालवल्या. सासूबाईंनी ते डायलिसिसचे हाल पाहिलेत. थोड्या दिवसांपुरती, डॉक्टरांनी मापून दिलेली गोळी वेगळी आणि ती वेगळी, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मी त्यांच्या माहेरच्या वाटेनं गेले. म्हटलं, "आत्ती, तुमच्याकडं बटाट्याला औषध कधी मारतात?"

"ढग आलं, धुकं पडलं की लगेच. करपा यायच्या आधी."

"पानावर डाग दिसल्यावर का नाही?"

"डाग दिसल्यावर काय मारतीस? शेत गेलंच की ते."

बोलून गेल्या आणि थांबल्या. माझ्याकडं तिरकं बघितलं, कारण आपल्याला कुठं नेऊन उभं केलंय ते त्यांना कळलं होतं. डबी उघडली, गोळी काढली, स्वतःच पाण्याचा तांब्या आणला आणि लेकीला म्हणाल्या, "घे गं. तुझी वैनी वकील व्हायला पाहिजे होती." पटलं होतं का? अर्धं. रात्री दोनच्या गोळीसाठी माझा गजर वाजला की त्या उठून बसायच्या, "झोपलीय पोर, उठवू नको," म्हणायच्या आणि मग स्वतःच तिच्या कपाळावरून हात फिरवून उठवायच्या.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी तक्ता केला. दर सहा तासांनी पॅरासिटामॉल एक हजार मिलिग्रॅम, चोवीस तासांत चार हजारांच्या वर नाही. सूज उतरवणारी गोळी काहीतरी खाऊन, सोबत पित्ताची. रात्री दोनला खायचं म्हणून बेकरीतला कडक बटर आणि कोमट दूध. डॉक्टरांनी हे माप तिच्या वजनाला, तब्येतीला बघून दिलेलं होतं, दुसऱ्या कुणी ते उचलू नये. दुसऱ्या दिवशी तिला शिंका आल्या, तर शेजारच्या काकू प्रेमानं सर्दीची गोळी घेऊन हजर. पाकीट उलटं करून बघितलं तर त्यातही पॅरासिटामॉल. ती गोळी मी गोड बोलून परत केली. काकू दोन दिवस नीट बोलल्या नाहीत.

बाकीचं दुखणं गोळ्यांच्या बाहेरच होतं, आणि तिथं घरचीच माणसं उपयोगी पडली. आमचा संडास देशी. बसलेलं उठायचं तर हात टेकावा लागतो, टाक्यांवर ओढ येते. म्हणून भाड्यानं कमोडची खुर्ची आणली. पोट साफ राहावं म्हणून रोज रात्री इसबगोल, कारण कुंथणं हे छातीलाही कळतं. ती घट्ट ब्रा दिवसरात्र, अंघोळीपुरती काढायची. तिच्यामुळं हलणं थांबतं आणि हलणं थांबलं की निम्मं दुखणं थांबतं. झोपणं पाठीवर, डोक्याकडची बाजू उंच, कुशीवर वळू नये म्हणून दोन्हीकडून लोड. नळाला पाणी आलं की हिचे हात आपोआप घागरीकडं जायचे, तिथं नवऱ्यानं पहारा केला. आणि वेणी. हात खांद्याच्या वर न्यायचे नव्हते, म्हणून सासूबाई रोज सकाळी तिची वेणी घालायला बसायच्या. शाळेतल्यासारखी आवळून, वर तेल थापून. "आई, डोकं दुखायला लागलं," ती ओरडली की म्हणायच्या, "मग त्याचीबी गोळी घे आधीच."

दुखणं अडवायचं म्हणजे झाकायचं नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन्ही बाजू सारख्याच ठणकल्या तर ठीक. एकच बाजू एकदम फुगली, कडक झाली, गोळ्या चालू असताना कळ वाढत गेली, तर आत रक्त साठत असू शकतं. तेव्हा पुढच्या गोळीची वाट न बघता फोन करायचा. ताप, लाली, पाणी येणं, तेही तसंच. म्हणून रोज संध्याकाळी मी दिवा लावून दोन्ही बाजू बघायची. ज्या वहिनीनं खाचा बघून पिन लावली होती, तिच्यापुढं नणंद आता शर्टाची बटणं काढून निवांत बसायची आणि टीव्हीवरची मालिका बघत विचारायची, "झालं का बघून?"

काढलेलं मांस तपासायला गेलं होतं, त्याचा रिपोर्ट चांगला आला. टाके भरले, जखमा पूर्ण बंद झाल्यावर व्रणांना हलका मसाज सुरू झाला. तरी सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. डाव्या बाजूला एक पट्टा अजून बधिर आहे, आणि मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ जाते. नसा नव्यानं जोडल्या जाताना असं होतं म्हणे. ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या पुढं दुखणं टिकलं तर त्याला जुनाट दुखणं म्हणतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत ज्यांना फार सोसावं लागतं त्यांच्यात ते जास्त दिसतं. म्हणजे सासूबाई ज्याला सहनशक्ती म्हणतात, तिची थकबाकी शरीर पुढं वसूल करू शकतं. आमच्या नणदेचे ते झटके विरळ होत चाललेत. ज्या दिवशी येतात त्या दिवशी ती चिडते, आणि चिडते हे मला आवडतं.

निपाणीला तिला पोचवायला आम्ही गाडीनं गेलो. सीटबेल्टखाली छोटी उशी धरून ती पुढं बसली होती. वंटमुरीचा घाट नीट पार पडला, पण संकेश्वरच्या पुढं एका गतिरोधकावर ड्रायव्हरनं गाडी उडवली आणि तिनं त्याला माझ्यासमोर पहिल्यांदाच मोठ्या आवाजात झापलं. तवंदी घाट उतरेपर्यंत तो बिचारा तिसऱ्या गिअरच्या वर गेला नाही. मागच्या सीटवर सासूबाई मला हळूच विचारत होत्या, ती थरातली सुई गुडघ्याच्या ऑपरेशनला पण मारतात का. मारतात, म्हटलं, गुडघ्यासाठी वेगळ्या जागी मारतात. "मग एवढी वर्षं मला कुणी बोललं का नाही?" मला उत्तर सुचलं नाही. आपण विचारायला हवं होतं असं म्हणणं सोपं होतं, पण ज्या बाईला कुणी कधी 'भीती कशाची वाटते' असं विचारलं नाही, तिनं नेमकं कुणाला विचारायचं होतं?

शाळा सुरू झाल्यावर नणदेचा फोन आला. तिच्या वर्गात आठवीची एक मुलगी आहे. पीटीच्या तासाला दप्तर छातीशी धरून पायरीवर बसते, पोटात दुखतंय म्हणते, खांदे पुढं पाडून चालते. बाकीच्या बाईंना ती आळशी वाटते. हिनं पालकसभेत आईला बाजूला घेतलं तर आई म्हणाली, "वयच आहे बाई, सवय होईल." आमचा फोनवर वाद झाला. मी म्हटलं, लगेच ऑपरेशनचं बोलू नको, वाढ पूर्ण झाल्याशिवाय डॉक्टर सहसा हात लावत नाहीत, घाबरतील ते लोक. ती म्हणाली, ऑपरेशनचं कोण बोलतंय? निपाणीत एका दुकानात बाई माप घेते, तिथं नेऊन आधी नीट मापाची ब्रा तरी घेऊ दे, दोन्ही पट्टे रुंद असलेली. मग पाठीचे व्यायाम. खो-खोचं नंतर बघू. रविवारी ती त्या मुलीच्या घरी जाणार आहे. आईनं 'दुखत नाही तिला, तिनं कधी सांगितलं नाही' असं म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, एवढंच तिला ठरवायचं होतं. मी बटाट्याचं सुचवलं, तर म्हणाली, ते लोक तंबाखूवाले आहेत वैनी, दुसरं काहीतरी सांग.